नाव घातलेला गुंड

१९७९ च्या मे महिन्यात भंडाऱ्यातल्या एका लहानशा चर्चचा तरुण संघ पितळी भांड्यांचा खोका घेऊन सेवेसाठी नेपाळला गेला आणि जूनच्या सुरुवातीला परत आला. गेलेली सगळी माणसे परत आली. खोकाही परत आला, आणि तो जाताना होता त्यापेक्षा जड होता. या सफरीचे नेते माझे मावसाजी होते. ते एसटीत कंडक्टर होते, आणि उभ्या भंडारा जिल्ह्यात त्यांच्याइतका काळ उभा राहिलेला दुसरा माणूस झाला नाही, असे माझे मत आहे. याविरुद्ध पुरावा अजून कोणी आणलेला नाही.

मावसाजींची गाडी भंडाऱ्याहून मोहाडीमार्गे तुमसरला जाई. गाडी पूर्ण रिकामी असली तरी ते सीटवर बसत नसत. सुट्टीच्या दिवशी प्रवासी म्हणून चढले तरी दाराजवळचा दांडा धरून उभे राहत. एका वऱ्हाडाच्या गाडीत नवरदेवाशेजारची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, तर ते दारातच उभे राहिले आणि वाटेत चढू पाहणाऱ्या नवरदेवाच्या सख्ख्या काकांना त्यांनी गाडी स्पेशल आहे असे सांगून खाली ठेवले. सीट पॅसिंजरची असते, बसलेला कंडक्टर म्हणजे झोपलेला कंडक्टर, असे त्यांचे म्हणणे होते. घरी चहा उभ्याने, जेवण पाटाशेजारी उकिडवे, वर्तमानपत्र दाराच्या चौकटीला टेकून. मावशी सांगत असे की तिने त्यांना नीट बसलेले दोनदाच पाहिले, लग्नात आणि काविळीत. पैकी लग्नाबद्दल तिची खात्री नव्हती, कारण लग्न चर्चमध्ये झाले होते आणि तिथे नवरदेवही बराच वेळ उभाच असतो. या संसारातला विरोधाभास असा, की कंडक्टरच्या या बायकोला गाडी लागत असे. मोहाडीच्या बाजाराला जायचे तरी ती लिंबू हुंगत जाई आणि परतीचा विचार करून बाजारात काही खात नसे. नागपूर हे तिच्या जगाचे टोक होते आणि तिथे ती एकदाच गेली होती.

चर्चमध्येही मावसाजी मागच्या दाराजवळ उभे राहत. आमच्याकडे भक्तीला आलेली माणसे मागचे बाक आधी धरतात आणि पुढचे बाक पाहुणे येणार असल्यासारखे मोकळे सोडतात. मावसाजींना हे बघवत नसे. "मांग काहून गर्दी करून राहिले? समोर पुरी गाडी खाली हाय," असे म्हणत ते भल्या भल्या कारकुनांना आणि त्यांच्या बायकांना पुढे सरकवत. तिकिटाचा पंच त्यांच्या खिशात रविवारीही असे. पाळकसाहेबांचे प्रवचन लांबले की ते बाकाच्या पाठीवर पंचाने एक टोला देत. एक टोला म्हणजे थांबा. पाळकसाहेब आधी दुखावले, पुढे त्या टोल्याची वाट पाहू लागले, कारण कुठे थांबायचे हे त्यांनाही पुष्कळदा सुचत नसे. दोन टोले म्हणजे चला. तरुण संघाची प्रार्थना आमेनने संपत नसे, दोन टोल्यांनी संपत असे. तरुण संघात तरुण किती हा वेगळा प्रश्न होता. एकदा आत आलेल्या माणसाला मावसाजी शेवटच्या थांब्याआधी उतरू देत नसत. त्यामुळे संघाच्या चिटणीसाला नातू झाला होता आणि नेत्यांची स्वतःची पन्नाशी जवळ आली होती.

मावसाजींच्या लहानपणी दर नाताळाला परदेशातल्या एका चर्चकडून कपड्यांचा खोका येत असे. तो उघडण्याचा समारंभ होई. त्यातून एका हाताचा मोजा निघे, टाय निघे, पोहण्याचा पोशाख निघे. पोहण्याच्या पोशाखाची मावसाजींच्या आईने कानटोपी शिवली होती. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला एकदा मोठ्या बटणांचा लोकरी कोट आला. फोटो काढून पाठवायचा म्हणून तो त्यांना मे महिन्यात घालावा लागला, आणि फोटोवाला पोचायला उशीर झाला. घामोळे दसऱ्यापर्यंत टिकले. वस्तूंबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कोट चांगला होता, भंडारा चुकले होते, असे ते म्हणत. तक्रार पत्राबद्दल होती. प्रत्येक मुलाला आपल्या वस्तूबद्दल आभाराचे पत्र लिहावे लागे, आणि मावसाजींचे अक्षर बरे असल्याने एका हाताच्या मोज्याचेही आभार तेच लिहीत. "आभार मानून मानूनच माझं अक्षर सुधरलं," ते सांगत. मग म्हणत, "आपून सदा खोका खोलणारेच रायलो. येक डाव बांधून पाहाले पायजे."

सत्तरच्या दशकात खोक्यांऐवजी माणसे येऊ लागली. परदेशातल्या चर्चचे तरुण दोन दोन आठवड्यांसाठी येत, गिटारवर गाणी म्हणत आणि चर्चची भिंत रंगवत. पुढच्या वर्षी दुसरे तरुण येत आणि तीच भिंत रंगवत. भिंत निळी झाली, पिवळी झाली, पुन्हा निळी झाली, आणि रंगाचे थर साचून खिडकीची एक फळी लागेनाशी झाली. जाताना ती मुले रडत. मावसाजी त्यांना दरवेळी एसटी स्टँडवर पोचवायला जात. अशाच एका निरोपानंतर त्यांनी संघाच्या बैठकीत उभ्याने ठराव मांडला की आता आपल्या तरुणांनीही परदेशी सेवेला जावे. पाळकसाहेबांनी विचारले, कुठे? मावसाजी म्हणाले, फॉरेनला. पाळकसाहेबांनी सुचवले की सुरुवात शेजारच्या कारधा गावापासून करावी, तिथे शाळेची विहीर उपसायची आहे. "कारधा फॉरेन कसं होईन, साहेब?" मावसाजींनी विचारले. "मधात नदी लागते म्हणून?"

नेपाळ निघाले ते बहादूरमुळे. बहादूर हा भांडेबाजाराचा गुरखा. अनेक वर्षे भंडाऱ्यात होता, हिंदी आणि आमची बोली मिसळून बोलत असे, आणि सुट्टीवर जाताना मावसाजींच्या गाडीने स्टेशन गाठत असे. त्याच्याकडून कळले की त्याच्या देशात जायला पासपोर्ट लागत नाही, त्याच्या डोंगरातल्या गावी शाळेची भिंत अर्धी राहिली आहे, आणि माणसे आली तर त्याच्या आईला आनंद होईल. पाळकसाहेबांनी एकच आठवण दिली. तिथे धर्मप्रचाराला बंदी आहे. मावसाजींनी संघाला एका वाक्यात धोरण समजावले, "तोंड बंद, हात चालू." मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला भंडाऱ्याहून बातम्या पाठवत असे. या निर्णयाची बातमी चौथ्या पानावर तीन ओळींत आली, आणि मावसाजींनी ते पान गाडीत चिकटवले व मलाही बातमीदार म्हणून संघात घेतले.

मग खोका. तो सुताराकडून नवा करून घेतला. काय भरायचे यावर मावसाजींचा नियम कडक होता. फाटके नको, वापरून टाकलेले नको, अडगळीतले तर नकोच. "जे देल्यावर घरात जागा खाली दिसन, तेच द्या," त्यांनी भक्तीनंतर जाहीर केले. भंडाऱ्यातल्या घरात काय काढले की जागा रिकामी दिसते, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक घराने पितळेचे भांडे दिले. कोणी परात, कोणी तांब्यासारखा गडवा, कोणी पातेल्यासारखा गंज. बहुतेक भांडी लग्नातली होती. ज्यांनी नवी घेतली, त्यांच्या भांड्यांवरही दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कोरणाऱ्याने सवयीने नाव घातले, कारण नाव न घालता भांडे घेऊन जाणारे गिऱ्हाईक त्याने पाहिले नव्हते. आमच्याकडे लग्नाकार्याला भांडी घरोघरून मागून आणतात आणि नाव वाचून ज्याची त्याला पोचवतात. पोचवताना रिकामे भांडे देत नाहीत. काही नाही तर मूठभर तांदूळ घालतात. हे सगळ्यांना इतके ठाऊक होते की ते कोणालाही आठवले नाही.

मावसाजींच्या घरी रिकामी दिसेल अशी एकच जागा होती. मावशीला तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला गुंड, म्हणजे पाणी भरायचे मोठे पितळी भांडे, चुलीजवळच्या कट्ट्यावर असे. त्याच्या गळ्याशी तिचे नाव होते. मावसाजींनी त्याच्याकडे दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी मावशीनेच तो चिंचेने घासून दारात आणून ठेवला. "न्या," ती म्हणाली. "पण हे सांगा, मी पाणी कायच्यात भरू?" मावसाजींनी बाजारातून प्लास्टिकची बादली आणून दिली. मावशी तिला शेवटपर्यंत 'तुमची बादली' म्हणत राहिली.

वाट दाखवायला बहादूर बरोबर आला. गोरखपूरपर्यंत मावसाजी रेल्वेच्या दारात उभे होते. सीमेवर अधिकाऱ्याने खोका उघडायला लावला आणि एवढे पितळ पाहून हा व्यापार असल्याचा संशय घेतला. मावसाजींनी भेट आहे असे सांगितले. अधिकाऱ्याने एक परात उचलली, उलटीसुलटी केली, काठावरचे नाव वाचले, मग गडव्यावरचे वाचले. लिपी तिकडेही आपलीच आहे. "नाम डला हुआ बर्तन कौन बेचेगा," तो सहकाऱ्याला म्हणाला आणि त्याने झाकण लावले. मावसाजींनी कोरणाऱ्याला मनातल्या मनात धन्यवाद दिल्याचे आम्हाला नंतर सांगितले.

सीमेपलीकडच्या बसने त्यांना या सफरीचा सर्वांत मोठा आनंद दिला. तिथे घंटेची दोरी नव्हती. दारातला पोऱ्या पत्र्यावर थाप मारत असे. एक थाप मारली, गाडी थांबली. दोन मारल्या, गाडी सुटली. मावसाजींनी आमच्याकडे वळून पाहिले. "फॉरेनातही दोनच," ते म्हणाले. पहिल्या घाटाच्या आत त्यांनी दाराचा अर्धा ताबा घेतला होता आणि ते नेपाळी प्रवाशांना मराठीत पुढे सरकायला सांगत होते. प्रवासी सरकत होते.

गाव रस्त्यापासून उंचावर होते. आम्ही धानाच्या सपाट बांध्यांत वाढलेली माणसे. आमच्या पायांना चढ माहीत नव्हता. खोका आम्ही उचलला, काही पावले नेला आणि ठेवला. मग बहादूरचे भाऊबंद खाली आले आणि कपाळाला पट्टा लावून तो घेऊन गेले, आमच्या पिशव्यांसकट. वर पोचल्यावर असे कळले की या गावात बहादूर नावाचा कोणीच नाही. भंडाऱ्याने त्याला दिलेले ते नाव होते. त्याची आई त्याला टेकनाथ म्हणत होती. मावसाजी थबकले. इतकी वर्षे या माणसाला गाडीत घेतले आणि नाव विचारले नाही, याचे त्यांना फार लागले. त्या क्षणापासून ते त्याला टेकनाथ म्हणू लागले, आणि पुढे भंडाऱ्यात भर बाजारात त्याच नावाने हाका मारून त्यांनी दुकानदारांना गोंधळात टाकले.

खोका शाळेच्या अंगणात उघडला. मावसाजींनी टेकनाथकडून आधीच जाहीर करून घेतले होते की कोणी आभार मानू नयेत. मग ते एकेक भांडे काढत, त्यावरचे नाव वाचत आणि एकेका घराला देत. नुसते देत नव्हते. ही परात जिची, तिचा नवरा भंडाऱ्याच्या कचेरीत आहे, हिच्या लग्नात पाऊस आला होता, हा गडवा जिचा तिला तीन मुली, असे सांगत होते. टेकनाथ ते नेपाळीत सांगत होता. बायका एकमेकींच्या हातातली नावे वाचून दाखवत होत्या, आणि संध्याकाळपर्यंत आमचे अर्धे चर्च त्या गावाला नावाने माहीत झाले. गुंड टेकनाथच्या आईकडे गेला. तिने मावशीचे नाव बोटाने चाचपले आणि ही कोण, म्हणून विचारले. मावसाजी म्हणाले, माझी मालकीण. म्हातारीने विचारले, आली का नाही? गाडी लागते, असे उत्तर गेले. म्हातारी हसली. तिलाही लागत होती.

पुढच्या दिवसांत आम्ही शाळेच्या भिंतीसाठी दगड वाहिले. दगडापेक्षा आम्हालाच जास्त वाहावे लागले असे त्या गावाचे मत असू शकेल. पायांना फोड आले. गावकऱ्यांनी मोहरीच्या तेलाने आमचे पाय चोळले, मक्याच्या भाकरी खाऊ घातल्या, आणि चिटणीसाला ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी आळीपाळीने बसले. जेवण त्याच पितळी भांड्यांत येत होते. मावसाजींना वाटले, भेटीचा मान राखतात. भिंत पुरी झाली. ती रंगवायची नाही, असे मावसाजींनी बजावले.

निघायच्या सकाळी शाळेच्या अंगणात सगळी भांडी एका रांगेत मांडलेली होती. राखेने घासून लख्ख केलेली आणि भरलेली. परातीत मका, गडव्यात सोयाबीन, गंजात कोदो म्हणजे तिकडची नाचणी, एकात सुंठ, एकात तूप, वर पाने झाकलेली. रांगेच्या शेवटी गुंड होता, गळ्यापर्यंत भरलेला. मावसाजींना आधी कळले नाही. मग त्यांनी टेकनाथला विचारले, हे काय? टेकनाथने आईला विचारले. ती शांतपणे बोलली आणि त्याने ते आम्हाला सांगितले, "आमा बोलती, नाम लिखा हुआ बर्तन कोई देता है क्या? घरवाली बाई लोग राह देख रही होगी." पाहुण्यांनी आपली भांडी सोबत आणली, कार्य झाले, भांडी परत. आणि रिकामी कशी पाठवायची?

मावसाजींनी खूप समजावले. भेट आहे, आणलीच देण्यासाठी, खोका त्यासाठीच केला. बायकांनी ऐकून घेतले आणि एकेक भांडे हलकेच खोक्याकडे सरकवले. शेवटी मावसाजींनी एक खिळा आणि दगड मागितला आणि गुंडापाशी उकिडवे बसून नाव खोडायला घेतले. म्हातारीने त्यांचे मनगट धरले. जिवंत बाईचे नाव खोडायचे नसते, असे ती म्हणाली. हे टेकनाथला आमच्यासाठी हिंदीत सांगावे लागले नाही. मावसाजींनी खिळा खाली ठेवला. "पुन्हा आपलाच खोका भरला," ते म्हणाले. ते हे कोणाला म्हणाले नव्हते.

खोका पुन्हा कपाळाच्या पट्ट्यावर खाली गेला. रस्त्यावर बस आली. पोऱ्याने मावसाजींना ओळखले आणि दारातून बाजूला होऊन जागा करून दिली. मावसाजी त्याच्या जवळून आत गेले आणि खिडकीजवळच्या सीटवर बसले. सीमेपर्यंत ते बसूनच होते.

भंडाऱ्यात चर्चच्या दारात भांडी वाटली. बायकांनी आपापली नावे ओळखून भांडी घेतली, आत हात घालून मका पाहिला, कोदो पाहिला, आणि ज्या घरांनी कधी परदेश पाहिला नव्हता त्यांनी नेपाळची भाकरी करून पाहिली. मावशी शेवटपर्यंत थांबली. खोका रिकामा झाला, गुंड नव्हता. मावसाजी म्हणाले, "तिकडंच ठेवला. तुले जा लागन आणाले." मावशीने विचारले, मले? मावसाजींनी मान हलवली.

काय झाले होते ते टेकनाथने सांगितले. आम्ही खोका बांधत असताना मावसाजी गुंड उचलून म्हातारीच्या घरी गेले होते. त्यांनी तिला सांगितले की हा माझ्या बायकोचा आहे, ती स्वतः येऊन नेईल, तोवर तुमच्याकडे राहू द्या. भेट घ्यायला तयार नसलेल्या म्हातारीने ठेव घेतली. कधी येईल, असे विचारले. मावसाजी म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात.

पुढच्या उन्हाळ्यात रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मावशी लिंबू घेऊन स्टेशनपर्यंत जाऊन परत आली. मग मावसाजींच्या घरी लग्न निघाले, मग पायाचे दुखणे निघाले. दरवर्षी सुट्टीहून परतताना टेकनाथ आईने दिलेली एक पुरचुंडी आणत असे, गुंडाच्या बदल्यात. कधी मका, कधी सुंठ. सोबत निरोप असे की गुंड फळीवर आहे, घासलेला आहे. मावसाजी तो निरोप उभ्याने ऐकत आणि मावशीकडे पाहत. मावशी बादली उचलून आत जाई.

मावसाजी १९८६ च्या हिवाळ्यात गेले. दफनभूमीत पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली, आमेन म्हटले, तरी कोणी हलले नाही. मग तुमसर मार्गावरच्या त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, तेव्हा लोक निघाले.

१९८८ च्या उन्हाळ्यात मावशी टेकनाथबरोबर नेपाळला गेली. गोरखपूरपर्यंत तिला गाडी लागली, त्यापुढे लागली नाही. निघण्यापूर्वी तिने भांडेबाजारातून पितळेचा एक मोठा गडवा घेतला, पायरीवरच्या कोरणाऱ्याकडून त्यावर नाव घालून घेतले आणि तो आमच्याकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाने भरला. महिनाभराने ती परत आली. तिच्याजवळ गुंड नव्हता आणि गडवाही नव्हता. टेकनाथने ही माहिती दिली आणि मावशीने तिला दुजोरा दिला, की त्याच्या आईच्या घरी फळीवर आता दोन भांडी आहेत. एकावर मावशीचे नाव आहे. दुसऱ्यावर मावसाजींचे.